बोर्डिंगचा भात

सखूबाईंनी यंदाच्या चातुर्मासात मौनाचा नेम धरला, आणि नेमकं त्याच दिवसांत घरातल्या बाकीच्यांच्या बोलण्याला ऊत आला.

नेम तसा साधाच. सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं की दुपारचं जेवण होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. हातानं खुणा केलेल्या चालतील, हुंकार मात्र चालणार नाही. दर वर्षी सखूबाई असं काहीतरी देवाशी ठरवायच्या. मागच्या साली पायांत वहाण घातली नव्हती, त्याच्या आधी गूळ सोडला होता. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मौन मात्र घराला जड गेलं. सून मंगल म्हणायची, "आत्याबाई, तुमी गप बसला की मला दोघींचं बोलावं लागतंय. घसा बसला माझा."

चातुर्मासाचे नेम यायचे नि जायचे. एक नेम मात्र बारमाही होता. भाताचे तांदूळ धुण्याआधी त्यांतली एक मूठ बाजूला काढून मडक्यात टाकायची. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं हात धरून शिकवलं होतं, ते आजतागायत चालू. ती मूठ पूर्वी कुठं जायची ते पुढं येईलच. आता ती देवळात जायची, पाखरांना जायची. धनाजी म्हणायचा, "आये, आता न्यायला कोन येतंय?" सखूबाई हसायच्या आणि मूठ मडक्यात सोडायच्या.

तर घरात वाद चालला होता नातीचा. सोनिया बारावी झाली होती. कॉलेजही मिळालं होतं. अडलं होतं ते राहण्यावर.

मार्गासनीच्या रस्त्यावरून आत उतरलं की सखूबाईंची वाडी. वाडीपुढं भातखाचरं, खाचरांपुढं नदी आणि नदीपलीकडच्या माळावर कॉलेज. दारात उभं राहिलं की तिकडच्या वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ओढण्यांचे रंग ओळखू यायचे. इतकं जवळ. पण त्या कॉलेजचा कायदा असा, की जो शिकेल तो तिथंच राहील. मग तो पुण्याचा असो, मणिपूरचा असो, नाहीतर नदीच्या अलीकडचा.

"हितनं हाक मारली तर तिथं ऐकू जातीय," धनाजी म्हणायचा. तो टेम्पोनं भाजीपाला नसरापूरला पोचवायचा. दिवसभर गाडीच्या आवाजात राहून त्याचाही आवाज गाडीसारखाच झाला होता. "अन् तिथं ऱ्हायाचं? पै-पाव्हनं विचारतील, पोरीला घरातनं काढली का काय."

"पप्पा, सगळ्यांनी एकत्र राहणं हाच तिथला अर्धा अभ्यास आहे."

"मग तेवढा अर्धा घरी कर. हितं बी आमी एकत्रच ऱ्हातोय. अन् शिकवत्यात तरी काय?"

"सगळं. इतिहास, गणित, चित्रकला, झाडंझुडपं, तत्त्वज्ञान. लिबरल आर्ट्स म्हणतात त्याला."

"म्हंजे मिसळ."

"बरं, मिसळ."

"अन् ती खाऊन मानूस हुतं काय शेवटाला? डाक्टर? वकील? तलाठी?"

"ते आधी ठरवायचं नसतं."

"अगं, मग उद्या स्थळ आलं तर म्या काय सांगू? पोरगी लई शिकलीया, पन काय शिकलीया त्ये अजून ठरलं न्हाई?"

मंगलला हसू आवरेना. धनाजी आईकडं वळला. "आये, तू तरी सांग."

सखूबाईंनी चुलीकडं हात केला.

"बघा!" सोनिया म्हणाली. "आजी म्हणतेय, जाऊ दे तिला."

"कुठं? ती म्हनती, भात उतू चाललाय."

भात खरंच उतू चालला होता.

सखूबाईंच्या मनात काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पोरीनं जावं. पण ते बोलायचं कधी? सकाळी मौन. दुपारी बोलायला मोकळ्या व्हाव्यात, तर धनाजी टेम्पो घेऊन नसरापुरात. तो यायचा दमूनभागून, आणि दमलेल्या माणसाशी वाद घालणं सखूबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांचा आवाजही मुळात असा, की देवघरातला सोप्यात पोचायचा नाही. रविवारपर्यंत सोनियानं वसतिगृहातली खोली घेतली नाही तर तिची जागा पुढच्या मुलीला जाणार होती. शुक्रवार उजाडला तरी धनाजीचं 'न्हाई'च चालू होतं.

शुक्रवारी कॉलेजचं बोलावणं आलं. सगळ्या वाड्यांना आलं होतं. 'परिचय आणि वारसा. रविवारी सकाळी. आपल्या घरातला वारसा सोबत आणावा. दुपारी पंगत.'

धनाजीनं ते दोनदा वाचलं आणि त्याचे डोळे लकाकले.

"वारसा! म्हंजे वारस नोंद लावत्यात."

"पप्पा, वारसा म्हणजे वेगळं. म्हणजे आपल्या जुन्या..."

"मला शिकवू नगं. म्या चुलत्याच्या वारस नोंदीपायी चपला झिजवल्यात. ह्ये लोक घरी येऊन बोलावत्यात, अन् आपुन जायाचं न्हाई?"

त्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. तो माळ त्याच्या आजोबांचा, रखमाजीचा. कॉलेज व्हायच्या कितीतरी आधी तिथं मुलांचं बोर्डिंग होतं, आणि त्या बोर्डिंगला रखमाजीनं माळ आपखुशीनं देऊन टाकला होता. पण दिलेल्या जागेलाही वारस लागत असतील, कुणी सांगावं! धनाजीनं सातबारा, रेशनकार्ड, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. सोनियानंही पुढं तोंड उघडलं नाही. पप्पा त्या निमित्तानं का होईना, कॉलेजात पाऊल टाकणार होते.

रविवारी सखूबाईंनी पहाटेच आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं आणि मडक्यातले तांदूळ एका फडक्यात बांधून घेतले. घरातला वारसा आणा म्हणालेत. आपल्याकडं दुसरं आहे काय?

श्रावणातलं ऊन आणि सर दोन्ही एकदमच पडत होती. पूल ओलांडून सगळे कॉलेजच्या फाटकाशी पोचले, तर तिथं ही गर्दी. वाडीतल्या फुलाबाई सासूची नथ घेऊन आल्या होत्या आणि ती कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हत्या. कुंडलिक तात्या नवी टोपी घालून उभे होते. त्यांनी आपला थोरला मुलगा अमृत याला दंडाला धरून टेबलापुढं उभा केला.

"वारस आना म्हनला. ह्यो घ्या. थोरला हाय. धाकटा नसरापूरला असतो, लागला तर फोन करतो."

टेबलावरची मुलगी केरळची. मराठी तिला तीन महिन्यांचं येत होतं. तिनं अमृतकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, समजल्यासारखी मान डोलावली आणि बाकीच्या वस्तूंना लावत होती तशीच एक चिठ्ठी त्याच्या शर्टाला टाचली. 'कृपया हात लावू नये.' अमृत दिवसभर ती चिठ्ठी घेऊन हिंडला. लावून घेतली तर काढायची कशी, असं त्याला वाटलं असावं.

मुलांनी सगळ्यांना कॉलेज फिरवून दाखवलं. जुन्या बोर्डिंगच्या इमारती तशाच ठेवल्या होत्या. धान्याच्या कोठारात पुस्तकं होती. गोठ्यात चित्रं काढत होते, आणि गव्हाणींत रंगांचे डबे मांडले होते. एका खोलीत तारे बघायची दुर्बीण होती, तिच्या शेजारीच नांगर. "ह्ये दोन्ही एकाच वर्गात?" मंगलनं विचारलं. "हो काकू," एक मुलगा म्हणाला, "पेरणी कधी करायची ते आधी आभाळात बघूनच ठरायचं ना?" मंगलनं नवऱ्याला कोपर मारलं. धनाजीचं लक्ष नव्हतं. तो तलाठी कुठं बसलाय ते शोधत होता.

शेवटी सगळे जेवणघरात जमले. जमिनीवर सतरंज्या होत्या, भिंतीपलीकडं स्वैपाकघर. भात रटरटत असल्याचा वास येत होता. संघपाल सर बोलायला उभे राहिले. भोरचे राहणारे, इथं इतिहास शिकवायचे. पस्तिशीचा माणूस, बोलणं घरच्यासारखं.

"आमचं कॉलेज वयानं लहान आहे," ते म्हणाले, "पण त्याचं घराणं जुनं आहे. आज त्या घराण्याची ओळख..."

धनाजी उभा राहिला. पिशवी वर धरून म्हणाला, "सर, ओळख हाय आमची. म्या रखमाजीचा नातू. सातबारा, रेशनकार्ड, समदं आनलंय. वारस नोंद कवा सुरू करताय तेवढं सांगा, म्हंजे मला टेम्पो घेऊन जाया बरं."

आधी पुढच्या रांगेतली पोरं हसली. मग मागची. मग वाडीतलेही, ज्यांच्या स्वतःच्या पिशव्यांत सातबारे होते ते सुद्धा. कुंडलिक तात्या तर डोळे पुसून हसले, आणि त्यांच्या शेजारी चिठ्ठी लावलेला अमृत उभा होता.

संघपाल सर हसले नाहीत. "दादा, चूक आमची आहे. आम्ही वारसा म्हणजे जुन्या गोष्टी, रीतीभाती अशा अर्थानं..."

पण धनाजीचे कान लाल झाले होते. "ऱ्हाऊ द्या. अडानी मानसाला बोलवायचं अन् हसायचं, हीच मिसळ शिकवता व्हय हितं? चल गं सोने. पोरगी हितं ऱ्हानार न्हाई, अन् आमी जेवनार बी न्हाई."

सोनियाच्या डोळ्यांत पाणी टचकन आलं. पण बापाचा असा अपमान झाल्यावर ती उठली. मंगल उठली.

सखूबाईंच्या गळ्याशी शब्द येऊन उभे राहिले. एवढंच एक वाक्य बोलून टाकावं. देव काही रागवायचा नाही. पण आजवर एक नेम मोडला नव्हता, आणि मोडलेल्या नेमातून निघालेलं बोलणं पोरीच्या वाटेत मांजरासारखं आडवं यायला नको. त्या उठल्या नाहीत. बसल्या जागी अजून घट्ट बसल्या.

"आये, ऊठ."

सखूबाईंनी मान हलवली आणि मांडीवरचं फडकं सोडायला घेतलं.

संघपाल सर खाली आले. "आजी, तुम्ही काय आणलंय?"

"ती बोलत न्हाई," धनाजी घुश्शात म्हणाला. "मौन हाय तिचं. जेवल्याबिगर बोलायची न्हाई."

फडक्यात तांदूळ होते. सखूबाईंनी त्यांतली एक मूठ भरली, चुलीच्या दिशेनं दाखवली, आणि हळूच बाजूला ठेवली. पुन्हा भरली, पुन्हा बाजूला ठेवली.

सर एकदम खालीच बसले. "मूठ! आजी, ही बोर्डिंगची मूठ?"

सखूबाईंनी हसून मान डोलावली.

मग सरांनी सगळ्यांना ती हकिगत सांगितली. त्यांचे वडील, सोपान अण्णा, लहानपणी भोरहून याच बोर्डिंगात राहायला आले होते. बोर्डिंगजवळ काही नव्हतं. मग ठरलं, की आसपासच्या घराघरांतल्या बायांनी स्वैपाकाआधी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे, आणि मुलांनी पोतं घेऊन ते गोळा करत फिरायचं.

"इथल्या आमच्या बौद्ध वस्तीतूनही मूठ यायची, देवळालगतच्या घरांतूनही यायची. अण्णा सांगतात, एकदा पोत्यात पडली की मग कुणाची कुठली, ते विचारायचं नाही. ज्यांची घरं एकमेकांकडं पाणी पीत नव्हती, त्यांचे तांदूळ इथं एका पातेल्यात. आंबेमोहर, जाडा, तांबडा, नवा, जुना. आणि म्हणून बोर्डिंगचा भात कधी सारखा शिजला नाही. थोडा गिच्च, थोडा टचटचीत. आजही घरी आई मोकळा भात वाढते तर अण्णा ताट सारतात. म्हणतात, ह्याला चव नाही, ह्यात कुणी कच्चंच राहिलेलं नाही."

लोक पुन्हा हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं.

"पण बोर्डिंग बंद पडून जमाना झाला," सर सखूबाईंना म्हणाले. "अजून काढता?"

उत्तर धनाजीनंच दिलं. "रोज काढती. सनवार असो, सुतक असो. म्या किती वेळा म्हनलं, आता न्यायला कुनी येत न्हाई. ऐकंल तर शप्पथ." बोलला रागातच, पण तक्रारीत मान ताठ झाली होती.

सखूबाई फडकं घेऊन उठल्या आणि सरळ स्वैपाकघरात गेल्या. तिथं स्वैपाक करणाऱ्या अंबूबाई भाताच्या मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. सखूबाईंनी झाकण काढलं.

"अवो, अवो आजी!" अंबूबाई ओरडल्या. "भात शिजत आला की! आता कच्चं तांदूळ टाकता व्हय? समदा बिघडंल!"

"बिघडू द्या, अंबूबाई," दारातून सर म्हणाले. "आज बिघडायलाच पायजे."

"तुमचं बरं हाय. नावं मला ठिवतील."

पण तोवर फडकं रिकामं झालं होतं.

पंगत बसली. सखूबाई पंगतीत बसल्या आणि शेजारचा पाट हातानं थोपटला. धनाजी दाराशी घुटमळला. आईला सोडून जावं तर ती जेवल्याशिवाय बोलणार नाही, बोलल्याशिवाय उठणार नाही. "आयेसाठी बसतोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याच्या एका अंगाला आई, समोर सोनिया, दुसऱ्या अंगाला ती केरळची मुलगी. तिनं त्याच्या पानात आपला पापड ठेवला आणि म्हणाली, "काका, तुम्ही घ्या. मला आवडतो." मग आपण काहीतरी उलटसुलट बोललो हे कळून ती लाजली. धनाजीनं पापड मोडला आणि अर्धा तिच्या पानात परत ठेवला.

भात आला. थोडा मऊ, थोडा टणक. कुंडलिक तात्या गाल धरून म्हणाले, "दात हालला रं!" अमृतनं त्यांना पाणी दिलं. धनाजी एक घास घेऊन हळूहळू चावत राहिला. दाढेखाली कच्चा दाणा आला होता, आणि त्यातून वास सुटला होता आपल्या खाचरातला.

"कच्चा आहे ना, पप्पा?" सोनियानं भीतभीत विचारलं.

"कच्चा हाय," धनाजी म्हणाला. "पन आपला हाय."

सखूबाईंनी ताक पिऊन पान पुसून घेतलं, हात जोडले, देवाचं नाव घेतलं. मौन सुटलं. आजूबाजूची पंगत गप्प झाली, कारण त्यांचं बोलणं ऐकायचं तर गप्प व्हावंच लागायचं.

"बोल आये आता," धनाजी म्हणाला. "काय म्हननं हाय तुजं?"

"माझं कसलं म्हननं," सखूबाई म्हणाल्या. "मूठ आधी काढायची असती, धना. उरल्यावर न्हाई. अन् काढलेली मूठ घरात ठिवून दिली तर तिला किडं लागत्यात."

एवढंच. मग त्या अंबूबाईंना हाक मारून म्हणाल्या, "बाई, रागावू नगा. भांडी घासू लागते."

धनाजी बराच वेळ पानातले उरलेले दाणे बोटानं गोळा करत बसला. मग उठला, हात धुतले, प्लॅस्टिकची पिशवी उचलली आणि संघपाल सरांपुढं जाऊन उभा राहिला.

"सर, वारस नोंद करायची हाय."

कुणाला तरी हसू फुटलं, पण शेजारच्यानं चिमटा काढला.

"सातबाऱ्याची न्हवं. तुमच्या वसतिगृहाच्या वहीत. लिवा. सोनिया धनाजी. रखमाजीची पणती." तो खिडकीतून दिसणाऱ्या आपल्या वाडीकडं बघत थांबला. "मुक्काम हितंच."

सोनिया आजीच्या गळ्यातच पडली. आजीचे हात खरकटे होते, त्या कोपरांनीच तिला धरून राहिल्या.

"पन एक अट हाय," धनाजी गरजला. आता त्याचा आवाज टेम्पोसारखा पूर्ववत लागला होता. "म्या पलीकडनं हाक मारली की ओ द्यायची. मोबाईलवर न्हाई. तोंडानं."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सखूबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला. धनाजी नसरापूरहून आला तो टेम्पो उभा करून घरात शिरलाच नाही. खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तोंडाभोवती हात धरले.

"सोनेऽऽऽ!"

नदी तेवढी वाजत होती. मंगल दारातून म्हणाली, "जेवाया बसली आसंल. पोरगी काय तुमच्या हाकंसाठी गच्चीवर बसून ऱ्हाईल व्हय?"

"गप गं. सोनेऽऽऽ!"

पलीकडच्या गच्चीवर एक सावली आली. मग दुसरी. मग आणखी. आणि नदीवरून ओ आली. एकीची नव्हे, सगळ्या गच्चीची. कुणाची लांब, कुणाची बारीक, कुणाची नुसतीच किंचाळी. केरळची, मणिपूरची, पुण्याची, सगळ्यांची मिळून एक मोठी, वेडीवाकडी "ओऽऽऽऽ!"

धनाजी बांधावरच हसत सुटला. "आये, ऐकलं का? आता ह्यातली आपली कंची?"

सखूबाई दिव्याची वात सारखी करत होत्या. "पोत्यात पडल्यावर कुनाची कंची, इचारू नयं, धना."

ते त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली.